खुंटोबाचं तोंड

१

ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या मोटरसायकलींच्या ढिगाशेजारी, तो लोखंडी खांब आडवा पडला होता. पिवळे-काळे पट्टे, पोटात काँक्रीट, आणि बुडाशी चिकटलेला सिमेंटचा चार इंची गोळा. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘सदर खांब मुळासकट उपटला गेल्याने इसम नामे पार्बताबाई हिचा डावा पाय निकामी झाला.’ एका बाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि पंचनाम्यात ती इसम झाली होती.

माझं नाव गीतांजली काळमेघ. तेहतीस वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये काँक्रीट शिकवलं. अमरावती-अकोल्यातले निम्मे कंत्राटदार माझ्या वर्गात झोपा काढून गेले आहेत. उरलेले निम्मे नापास झाले आणि पुढारी बनले. आता कुठे भिंत पडली, टाकी फुटली की पोलीस मला बोलावतात. मत घ्यायला नव्हे, त्यांच्या मतावर सही घ्यायला.

“केस एकदम सरळ हाय मॅडम,” उपनिरीक्षक शिवम म्हणाला. पोरगा हुशार दिसत होता, म्हणजे त्याने इस्त्री चांगली केली होती. “राजापेठेत ते साड्याचं मोठ्ठं दुकान हाय ना, त्याच्यासमोर असे सात खुंटे हायेत. गाड्या आत घुसू नये म्हणून. संत्र्याची पिकअप आली, ब्रेक लागले नाई, तिसऱ्या खुंट्याले धडकली. खुंटा उपटला अन् गाडी मागं बसलेल्या फुलवालीवर गेली. खुंटा तीन फूट गाडाचा होता, गाडला चार इंच. हे पाहा ना सिमेंट. बसवणारा श्रावण नावाचा फॅब्रिकेटर हाय, चांदूर बाजारचा. आत टाकला त्याले. सोमवारी पुन्हा कोर्टात उभा करू. तुमचा अहवाल जोडला का झालं.”

मी पर्समधून टेप काढला. खांबाची एकूण लांबी छत्तीस इंच भरली. बुडाच्या सिमेंटवर शेंदरी रंगाचे ओघळ होते. खांबाच्या मध्यावर पिकअपचा ताजा पोचा होता, रंग खरवडून लोखंड उघडं पडलेलं.

“उलटा करा याला,” मी दोन हवालदारांना सांगितलं. त्यांनी शिवमकडे बघितलं, मग कुरकुरत खांब गडगडवला.

दुसऱ्या बाजूलाही पोचा होता. बरोबर विरुद्ध बाजूला, जुना, कडा गंजलेला.

“पडताना लागला असन,” शिवम म्हणाला.

“असेल. मग त्यावर एवढं कुंकू कोणी लावलं?”

तो वाकला. जुन्या पोच्यात हळद-कुंकवाचा बोटभर जाड थर बसला होता, महिनोन्‌महिने रोज लावल्यासारखा.

२

‘रूपाली सिल्क्स’चा मालक अमोल गुल्हाने याने मला आधी चहा दिला, मग स्वतःचं कार्ड दिलं आणि मग दुःख व्यक्त केलं. क्रम हाच होता.

मे महिन्यात या खुंट्यांचं उद्घाटन झालं होतं. लोखंडाच्या सात नळ्यांना फीत बांधून ती कापण्यात आली, नारळ फुटला, एका नगरसेवकाचं भाषण झालं. तो फोटो दुकानात फ्रेम करून लावला होता. फोटोत चौदा माणसं होती आणि ज्याने खुंटे बसवले तो श्रावण त्यात नव्हता.

मी बाहेर जाऊन उरलेले सहा खुंटे हलवून पाहिले. माझ्याच खांद्यातून कळ आली. प्रत्येकाची जमिनीवरची उंची मोजली, छत्तीस इंच. दोन खुंट्यांमधलं अंतर चार फूट. तिसऱ्याच्या जागी नवी कोरी फरशी चमकत होती.

“हे कधी बसवलं?”

“त्याच दिवशी संध्याकाळी. रक्त पडलं होतं मॅडम. लोकाईच्या भावना असतात.”

लोकांच्या भावना असतात तेव्हा पुरावे नसतात, हे मी मनातल्या मनात म्हटलं. आत गर्दी होती. काचेमागे, साड्यांच्या मधोमध, फुलांच्या माळांनी सजवलेली एक लांबरुंद पांढरी कार उभी होती. ‘दसरा-दिवाळी महासोडत! तुळशीच्या लग्नाला भाग्यवान विजेता घरी नेणार!’ बायका साड्या कमी बघत होत्या आणि कारला टेकून फोटो जास्त काढत होत्या. शिवमनेही एक काढून घेतला. बाहेर एका बाईचा पाय गेला त्याला अजून आठवडा झाला नव्हता.

“खांबाला कुंकू कोण लावायचं?” मी विचारलं.

अमोलचा चेहरा उजळला. “ते तं चमत्कारच हाय मॅडम! तुम्ही रील नाई पायली? दोन लाख लोकाईनं पायली.”

त्याने मोबाइल पुढे केला. पार्बताबाई त्या तिसऱ्या खुंट्याला देव मानायची, लोकांनी त्याला खुंटोबा करून टाकलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या देवाने आपलं तोंड फिरवलं. आधी रस्त्याकडे होतं, ते दुकानाकडे झालं. रीलमध्ये हार घातलेला खुंटा होता, त्याच्या पायाशी शेंदरी रंगाचा छोटा गोल चौथरा होता, आणि अमोल स्वतः आरती ओवाळत होता. खाली अक्षरं होती, ‘देव ज्या दुकानाकडे वळला, तिथे तुम्ही कधी वळणार?’ मी रील थांबवून नीट पाहिली. सातही खुंट्यांची टोकं एका ओळीत होती.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या पायाला हात लावला.

“ओळखलं का मॅडम? चंदन. अकोल्याचा. तुमचाच विद्यार्थी.”

ओळखलं होतं. काँक्रीटच्या पेपरात ‘सिमेंटमध्ये पाणी अंदाजाने घालावे’ असं लिहिणारा माणूस मी विसरणं शक्य नव्हतं. खुंट्यांचं मूळ कंत्राट याचंच होतं, श्रावणला त्याने पोटकंत्राट दिलं होतं.

“भरोशावर काम देल्लं मॅडम,” तो हळहळला. “सहा बरोबर गाडले अन् एकात दगा देल्ला. आजकाल कारागिरात इमान राहिलं नाई.”

दुकानाच्या मागे एक बोळ होता, तो जाऊन पाहिला. रुंदी चार फूट, त्यातही एक म्हैस बांधलेली. दुकानाला तिसरी वाट नव्हती. मी पुन्हा पुढे आले आणि रस्त्यावर उभी राहून त्या सहा खुंट्यांकडे आणि काचेतल्या कारकडे बराच वेळ बघत राहिले.

“मॅडम, तुमाले बी कार आवडली का?” शिवमने विचारलं.

३

श्रावण कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पस्तिशीचा, हातांवर वेल्डिंगचे डाग. त्याने नमस्कार केला नाही की रडगाणं गायलं नाही. पहिल्यांदा मला या प्रकरणात माणूस भेटल्यासारखं वाटलं.

“सातही तीन-तीन फूट गाडले,” तो म्हणाला. “फोटो हायेत. चंदनभाऊ म्हणते का एकाच गड्ड्याचा फोटो सात खेपा काढला.”

“काढलास का?”

“आता कोणाले काय सांगू? सगळेच काढतात, म्हणून म्या बी काढला असन असं सगळ्याईले वाटते.” त्याने वर बघितलं. “मॅडम, म्या गाडलेला खुंटा उपटत नाई. त्याले तोडा लागते. एवढंच सांगतो.”

“जामीन होईल तुझा.”

“जमानत होईन. पण मंग काम कोण देईन? गावात पोट्टे माह्या दुकानाच्या शटरवर ‘चार इंच’ लिहून गेले. माह्या बायकोनं ते पुसलं तं दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं.” त्याने आपल्या हातांकडे बघितलं. “त्या बाईचा पाय माह्या हातानं गेला असं लोकाईले वाटून राह्यलं. तिले बी तसंच वाटत असन.”

मला त्याची दया आली नाही, राग आला. चांगलं काम करणारा माणूस इतका सहज आत जातो आणि कोणाला नवल वाटत नाही, याचा राग. शिवमला मी म्हटलं, “चला, सरकारी दवाखान्यात जाऊ. ज्या इसमाचा पाय गेला तिला कोणी काही विचारलंय का?”

कोणीही विचारलं नव्हतं.

४

पार्बताबाई साठीच्या पुढची होती. उशाशी तिची सून रुख्मिणी बसून होती. चादर जिथे उंच असायला हवी तिथे सपाट होती. मी तिकडे बघणं टाळलं.

“आखाडात मालाचा भरला ॲटो आला,” पार्बताबाईने सांगितलं. “माह्या टोपल्याच्या सीधा. तिसऱ्या खुंट्याले धडकला अन् थांबला. ॲटोचं नाक चपटं झालं, पण खुंटा हालला नाई. त्याले फक्त पोचा पडला. म्या म्हटलं, ज्यानं माह्यासाठी मार खाल्ला तो देवच. तवापासून त्या पोच्यावर कुंकू लावाची. भवानी झाली का पयला हार त्याले.”

“पोचा रस्त्याच्या बाजूला होता?”

“मंग! मार तं रस्त्याकडूनच पडन ना.”

शिवम पहिल्यांदा काहीतरी लिहून घेऊ लागला.

“मग देव फिरला कधी?”

“अष्टमी ते दसरा मी चौकात बसतो, झेंडूच्या ढिगावर. तथी गिऱ्हाईकी असते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानापाशी आली तं देवानं पाठ फिरवलेली. पायाशी चौथरा झालेला. माह्यंच पाप होतं बाई. अष्टमीले जाच्या घाईत म्या त्याले शिळा हार घातला होता. सादा शिळा बी नाई, चुरगळलेला. म्हणून त्यानं तोंड फिरवलं.”

“आणि तुम्ही कुठे बसायला लागलात?”

“आधी पायरीच्या कोपऱ्यात बसत होती. मंग त्याच्या तोंडासमोर बसली. खुंटा अन् काच याच्या मंधात. रोज माफी मागाची.” तिने डोळे मिटले. “नाई केलं त्यानं माफ. पाय घेतला.”

मी उठून खिडकीपाशी गेले. देवावर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. या बाईची मला करता येईना, कारण तिचं निरीक्षण बिनचूक होतं. पोलीस, पत्रकार, रील पाहणारे दोन लाख बघे, यांच्यापैकी एकाने जेवढं पाहिलं नव्हतं तेवढं तिने पाहिलं होतं. फक्त दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला होता.

“त्या चौथऱ्याचं काय झालं?” मी रुख्मिणीला विचारलं.

“फुटला. दुकानातले लोक तुकडे कचऱ्यात टाकून राहिले होते. देवाची वस्तू कचऱ्यात कशी टाकू देऊ? म्या एक फरशी उचलून आणली. नदीत शिरवाची होती, पण दवाखान्यातून सवड कुठं?”

तिने खाटेखालून पिशवी ओढली. वीतभर संगमरवरी पट्टी निघाली. मी ती वाचली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

“शिवम,” मी म्हटलं, “उद्या सकाळी त्या दुकानासमोर एक कुदळ, एक पहार आणि तुझा तो श्रावण, तिन्ही पाहिजेत.”

५

शनिवारी दहा वाजता दुकानासमोर गर्दी जमली. फुकट तमाशाला राजापेठेत कधी माणसं कमी पडत नाहीत. अमोल पायरीवर होता, चंदन त्याच्या बाजूला, आणि श्रावण दोन हवालदारांच्या मधे.

“काल मला विचारलंस की कार आवडली का,” मी शिवमला म्हटलं. “आवडली. साडेपाच फूट रुंद आहे. खुंट्यांमधली जागा चार फूट. मागचा बोळ चार फुटी आणि तिथे म्हैस. ही कार आत गेली कशी?”

सगळ्यांनी एकाच वेळी आत पाहिलं. रोज हजार माणसं त्या कारला टेकून फोटो काढत होती आणि हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. माणसं आरशात बघतात तशी कारकडे बघत होती, स्वतःला पाहायला.

“अक्षय तृतीयेलेच आणली होती,” अमोल घाईने म्हणाला. “खुंट्याच्या आधी.”

“तुमच्या फ्रेममधल्या उद्घाटनाच्या फोटोत मागे काच दिसते. आत साड्याच आहेत. कार नाही.”

चंदन पुढे आला. “मॅडम, कार कशी का गेली असना. सिमेंट चार इंचच होतं ना? पाया कच्चा होता ना?”

“चंदन, खुंटा छत्तीस इंच लांब आहे. चार इंच जमिनीत असता तर वर बत्तीस राहिला असता, शेजाऱ्यांपेक्षा चार इंच बुटका. रीलमध्ये सातही सारखे आहेत. म्हणजे जमिनीत तो एक इंचही नव्हता. जमिनीवर नुसता उभा होता. बुडाचं सिमेंट पायाचं नाही, तुमच्या त्या चौथऱ्याचं आहे. म्हणून त्याला शेंदरी रंग लागलाय. जमिनीतल्या पायाला कोणी रंग देतं का?”

“मंग श्रावणनं नुसताच उभा केला असन!”

“आषाढात याच खुंट्याला मालाचा ॲटो धडकला आणि ॲटोचं नाक चपटं झालं. नुसता उभा असता तर तेव्हाच आडवा झाला असता. तेव्हा तो तीन फूट खोल होता. पोचा पडला रस्त्याच्या बाजूला, त्यावर पार्बताबाईने कुंकू लावलं. दसऱ्यानंतर तोच पोचा दुकानाच्या बाजूला. तीन फूट गाडलेला खुंटा फिरत नाही. जो फिरला तो कापलेला होता.”

मी श्रावणकडे पाहिलं. त्याने मान हलवली, जणू हे त्याला कधीचं माहीत होतं.

“अष्टमी ते दसरा पार्बताबाई चौकात होती, तेवढ्यात काम उरकलं. जमिनीलगत खुंटा कापला, फळ्या टाकून कार आत घेतली आणि तुकडा पुन्हा त्याच जागी उभा केला. कुंकू कुठल्या बाजूला होतं हे बघायचीही तसदी घेतली नाही. वेल्डिंग केलं नाही, कारण तुळशीच्या लग्नाला कार बाहेर काढायची होती. पुन्हा काढायचं ते पक्कं कोण बसवतो? सांधा दिसू नये म्हणून भोवती चौथरा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी देव फिरला म्हणून रडली, आणि गुल्हानेसाहेबांनी त्याची जाहिरात केली.”

“हे सगळं तुमचं डोकं हाय,” चंदन म्हणाला. आवाज चढला होता. “मी दसऱ्याले अमरावतीत पाय बी ठेवला नाई! कोणाचाही चौथरा असन!”

मी पिशवीतून संगमरवरी पट्टी काढून शिवमच्या हातात दिली. त्याने मोठ्याने वाचली, “श्री खुंटोबा चौथरा. सौजन्य, चंदन कन्स्ट्रक्शन, अकोला. विजयादशमी.”

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी गर्दी हसली. आपल्याकडे बाकड्यावर दात्याचं नाव, पाणपोईवर नाव, स्मशानातल्या शेडवर नाव. आपल्या पापावर पांघरूण घालतानाही या माणसाला त्यावर आपलं नाव घातल्याशिवाय राहवलं नव्हतं.

“फरशी काढा,” मी सांगितलं.

श्रावणने स्वतः पहार घेतली. नवी फरशी तीन घावांत उखडली. खाली, जमिनीच्या पातळीला, लोखंडाचं एक लखलखीत कडं दिसलं, आत काँक्रीट, वर कटरच्या रेघा. शिवमने गुडघ्यावर बसून बोट फिरवलं. त्याची इस्त्री मोडली, आणि मला तो पहिल्यांदा बरा वाटला.

“किती खोल असन हे?” त्याने विचारलं.

“तीन फूट,” श्रावण म्हणाला. “खोदा. उपटणार नाई.”

दुपारपर्यंत खोदलं. तीन फूट एक इंच भरलं.

अमोल म्हणत होता की हे सगळं चंदनने केलं, आणि चंदन म्हणत होता की अमोलने सांगितलं म्हणून केलं. दोघंही खरं बोलत होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. गाडीत बसवताना चंदन माझ्याकडे वळला. “मॅडम, मी तुमचा विद्यार्थी ना? एवढं तं समजून घ्या.”

समजून मी एकदा घेतलं होतं. त्याचे वडील किसनराव माझ्या दाराशी दोन दिवस बसले होते, आणि काँक्रीटच्या त्या पेपरात मी पाच मार्क वाढवून त्याला पास केलं होतं. दरवर्षी कोणाचे तरी वाढवायचे, याचे वाढवले. या प्रकरणात मी ज्याची-ज्याची कीव केली, त्या यादीत माझंही नाव असायला हवं होतं, आणि ते पट्टीवर कोरायला मी तयार नव्हते.

६

संध्याकाळी श्रावणला घेऊन दवाखान्यात गेले. तो दारातच थांबला, आत यायला धजेना.

पार्बताबाईला मी सगळं सांगितलं. कापलेला खुंटा, कार, चौथरा. शेवटी ती म्हणाली, “मंग देव फिरला नाई?”

“नाही. चंदनने फिरवला. न बघता.”

“अन् शिळा हार?”

“त्याचा काही संबंध नाही.”

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहत गेलं, रुख्मिणीने पदराने पुसलं. मला वाटलं आता ती त्या दोघांना शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मी साथ दिली असती.

“बाकीचे सहा कोणं गाडले?” तिने विचारलं.

“यानेच. सातही यानेच गाडले होते.” मी दाराकडे बोट केलं. “तिसऱ्याचं मूळ अजून तिथेच आहे.”

म्हातारीने मान वळवली आणि श्रावणला नीट न्याहाळलं. तो खाली बघत होता, हाताची बोटं एकमेकांत अडकवून.

“इकडं ये रे बापू,” ती म्हणाली. “मी बरी झाली का मले चौथ्या खुंट्याच्या मांगं बसव. तुह्या हातानं. त्याचं तोंड कोणीकडं हाय ते मले पाहाचं नाई आता.”

श्रावण पुढे आला आणि खाटेजवळ खाली बसला. पार्बताबाईने उशाखालून एक सुकलेलं झेंडूचं फूल काढून त्याच्या हातावर ठेवलं.

“शिळं हाय,” ती म्हणाली. “चालन का?”

“चालन माय,” तो म्हणाला.